धरणाच्या पाण्यावर लहान होडीची सहल

पाण्याविषयीं शेतकऱ्यास कांहीं सांगावयास जाणें म्हणजे सुतारास वाकस दाखविण्यासारखें आहे, हें आम्ही जाणतों. विहिरीस किती परस पाणी उरलें आहे, मोटार किती तास चालेल, कोणत्या नक्षत्राच्या पावसावर भरंवसा ठेवावा व कोणत्यावर ठेवूं नये, हें आमच्या वाचकांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. परंतु पाणी काढणें ही एक विद्या व पाण्यावर वावरणें ही दुसरी. पहिलीच्या बाबतींत आमचा बीड जिल्हा कोणास हार जाणारा नाहीं. दुसरीच्या बाबतींत मात्र तो मागें पडला आहे, आणि हें मागें पडणें अलीकडे जिवावर बेतूं लागलें आहे. म्हणून लहान होडींत बसून एक दिवस धरणाच्या किंवा नदीच्या पाण्यावर जाण्याची जी रीत आतां आपल्याकडेही येऊं लागली आहे, तिची माहिती या लेखांत देण्याचें योजिलें आहे. हा केवळ शहरांतील हौशी लोकांचा खेळ आहे असें प्रथम आम्हांसही वाटत होतें. तें मत कां बदललें, तें पुढें येईलच.

मागच्या पिढींतील मुलें विहिरींत पोहावयास शिकत. पाठीस पांगाऱ्याचा बिंडा, वाळलेला भोपळा नाहीं तर रॉकेलचा रिकामा डबा बांधून वडील माणूस मुलास पाण्यांत लोटी, आणि चार दिवसांनीं तेंच मूल थारोळ्यावरून मुटके मारी. पुढें विहिरींचें पाणी खोल गेलें. पायऱ्यांच्या बारवा पडक्या झाल्या. त्यांच्या जागीं विंधन विहिरी आल्या, ज्यांच्या तोंडांत मनुष्याचा हातही नीट जात नाहीं. म्हणजे पोहण्याची शाळा बंद झाली. चमत्कार असा कीं, ज्या काळांत ही शाळा बंद पडली त्याच काळांत जिल्ह्यांत मोठें पाणी आलें. केज तालुक्यांत धनेगांव येथें मांजरेवर धरण झालें. त्याचा एकंदर सांठा सुमारें २२४ दशलक्ष घनमीटर. सिंदफणेवर माजलगांवचें धरण १९८७ सालीं पुरें झालें. त्याचा सांठा सुमारें ४५४ दशलक्ष घनमीटर असून पैठणच्या उजव्या कालव्याचें पाणीही त्यांत येऊन पडतें. याशिवाय गांवोगांव तलाव, बंधारे व आतां शेततळीं. शेततळ्याच्या मेणकापडावर ओला पाय ठरत नाहीं, ही गोष्ट किती घरांनीं मूल गमावून शिकावी?

आपल्याकडे पाण्यावर जाण्याचीं साधनें नव्हतीं असें नाहीं. भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड नदीकांठच्या लोकांस ठाऊक होती. ‘सांगड घालणें’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतों, परंतु ती वस्तु पाहिलेलें माणूस आतां विरळा. गुऱ्हाळांतील रस आटविण्याची काहील पुराच्या वेळीं नाव म्हणून पाण्यांत सोडीत. ती तरते खरी. परंतु गोल असल्यामुळें वल्हें मारलें कीं पुढें जाण्याऐवजीं जागच्या जागीं फिरते. हल्लीं मासे धरणारे लोक थर्माकोलचे ठोकळे पोत्यांत अगर जाळींत आवळून ‘चप्पू’ करतात व त्यावर बसून जाळीं टाकतात. त्यांचें कसब थोर आहे, पण तें कसब अंगीं नसलेल्यानें त्यावर पाय ठेवूं नये. धरणाच्या पाण्यानें वाट तुटलेल्या वस्त्यांवरील मुलें अशाच ठोकळ्यांवरून शाळेस जातात, हें मराठवाड्यांत वर्तमानपत्रांनीं वारंवार छापलें आहे.

ज्या होडीविषयीं आम्ही लिहीत आहों तिला ‘कयाक’ म्हणतात. हा शब्द व ही वस्तु ग्रीनलंडाकडील इन्युइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडांचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर सील माशाचें (तो वस्तुतः मासा नव्हे) कातडें ते ताणून शिवीत व त्यांत बसून शिकारीस जात. मोटेचें कातडें तेल पाजून पाणी धरण्याजोगें करण्याची आपली रीत ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. हल्लींची कयाक प्लास्टिकची असते. घराच्या छपरावरील पाण्याची काळी टाकी ज्या रीतीनें, म्हणजे तापलेल्या सांच्यांत भुकटी फिरवून करतात, त्याच रीतीनें ही होडी करतात. म्हणून ती एकसंध व दणकट असते. लांबी नऊ ते बारा फूट. एका माणसाची होडी सामान्यतः वीस ते तीस किलो भरते, म्हणजे दोघांनीं सहज उचलावी. हिचे दोन प्रकार आहेत. एकींत माणूस होडीच्या पोटांत पाय घालून बसतो. दुसरींत वरच्या खोलगट जागेवर बसतो. नवशिक्यानें दुसरीच घ्यावी. ती उलटली तर माणूस सरळ बाहेर पडतो, आणि तिच्यांत पाणी भरून राहात नाहीं, कारण बसण्याच्या जागेंतून खालीं भोकें असतात. भोकें पाहून पुष्कळ लोक प्रथम घाबरतात, तसें घाबरण्याचें कारण नाहीं. फुगविण्याच्या होड्याही मिळतात. त्या मोटारगाडींत घालून नेण्यास सोप्या, पण बाभळीच्या एका कांट्याचें गिऱ्हाईक. आमच्याकडील कांठांवर बाभूळ कोठें नाहीं?

हिचें वल्हें दोन्ही टोकांस पातें असलेलें असतें व माणूस तोंड पुढें करून बसतो. शर्यतीच्या ज्या दुसऱ्या लांबट होड्या असतात, त्यांत वल्हेकरी पाठ पुढें करून बसतो. ती विद्या निराळी. तिच्या संबंधांत एक नांव मात्र येथें घेतल्यावांचून राहवत नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील चांदवड तालुक्यांत तळेगांव रोही म्हणून अवर्षणाचें गांव आहे. तेथील दत्तू भोकनळ हा तरुण वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जात असे. २०१२ सालीं तो सैन्यांत गेला व तेथें त्यानें प्रथम वल्हें हातीं धरलें. २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकांत एकेरी वल्हेशर्यतींत तो तेरावा आला, आणि २०१८ सालच्या आशियाई सामन्यांत चौघांच्या होडींत त्यास सुवर्णपदक मिळालें. पाणी लागावें म्हणून खडक फोडणाऱ्याच्या मुलानें पाण्यावर पदक मिळवावें, हें आम्ही बीडच्या लोकांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां पाणी कोठें व केव्हां. पावसाळ्यांत जाऊंच नये. जलाशय भरतात तें भाद्रपद-आश्विनांत. त्यानंतर आभाळ निवळलें कीं कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. फाल्गुनानंतर दुपारचा वारा वाढतो, पाणी ओसरतें व कांठास गाळ उघडा पडतो. आणि कांहीं वर्षें अशीं येतात कीं जावयास पाणीच नसतें. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें वाचक विसरले नसतील. कोंकणांत रायगड जिल्ह्यांत कोलाडजवळ कुंडलिका नांवाची नदी आहे. तिच्यावर उन्हाळ्यांतसुद्धां होड्या चालतात, कारण १९२७ सालीं सुरू झालेल्या भिरा येथील वीजगृहांतून सुटणारें पाणी तिला मिळतें. हें पाणी मुळशीचें. ज्या पाण्याखालीं मावळांतील गांवें गेलीं व ज्याविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह झाला, तेंच. आमच्या जिल्ह्यांतही कुंडलिका आहे, सिंदफणेची उपनदी. नांव एक, पण हिच्या नशिबीं घाटावरचें वीजगृह नाहीं; संक्रांत उलटली कीं हिच्या पात्रांत वाळूच दिसते. तेव्हां परगांवचें पाहून आपल्या नदींत होडी टाकण्याचा बेत करूं नये. आमचें पाणी म्हणजे मुख्यतः जलाशयांचें पाणी, आणि त्याचेच नियम आम्हीं शिकले पाहिजेत.

त्यांतील पहिला नियम आम्हीं कसा शिकलों तें सांगतों. माजलगांव जलाशयाच्या फुगवट्यांत आमच्या आजोळची जमीन गेली आहे. तेथें आमच्या आजोबांनीं खोदलेली विहीर होती; लहानपणीं तिचें पाणी आम्ही प्यालों आहों. कांहीं वर्षांपूर्वीं मार्च महिन्यांत आम्ही, एक स्नेही, आमचा एक पुतण्या व त्याचा मित्र असे चौघे दोन दुहेरी कयाक मागून आणून त्या बाजूस गेलों. सकाळीं पाणी कांचेसारखें होतें. वारा थोडा होता तो पाठीशीं, म्हणून होड्या आपोआप चालल्यासारख्या वाटत होत्या व आम्ही आपल्या कौशल्यावर खूष होतों. पलीकडच्या कांठास भाकरी खाल्ली, बुडीत शिवार दुरून पाहिलें, मुलांस कोणाचें शेत कोठें होतें तें दाखविलें. यांत दुपारचे बारा वाजले.

परत निघालों तों वारा दुप्पट झालेला व तोंडावर. जेथें सकाळीं अर्धा तास लागला, तेथें तासभर वल्हीं मारूनही कांठ जवळ येईना. पुतण्यास जाकीट अंगांत घालण्याचा कंटाळा. उकडतें म्हणून त्यानें तें काढून बुडाखालीं गादीसारखें घेतलें होतें. हें आम्हीं पाहिलें होतें व बोललों नव्हतों. त्यांची होडी वाऱ्यानें आडवी झाली, बुडालेल्या बाभळीच्या खोडास अडली आणि पुढच्या लाटेबरोबर कलंडली. त्या ठिकाणीं पाणी कमरेएवढेंच होतें. मुलगा उभा राहिला, हंसला, आणि होडी ओढीत चालूं लागला. चवथ्या कां पांचव्या पावलास तो दिसेनासा झाला.

ती आजोबांची विहीर होती. कठडा ढासळलेला, वर पाणी गढूळ. तोंड दिसण्याचें कारण नव्हतें. तो एकदां वर आला तेव्हां त्याच्या मित्रानें वल्ह्याचें पातें त्याच्या हातापाशीं नेलें व तें त्यास सांपडलें म्हणून तो आज आहे. जवळच जाळें काढीत असलेला एक मासेमार चप्पू घेऊन आला व त्यानें दोघांस कांठास लावलें. जाकीट वाऱ्याबरोबर वाहात पलीकडे निघून गेलें होतें. त्या मासेमारास पैसे देऊं केले, ते त्यानें घेतले नाहींत. विहीर कोणत्या जागीं आहे हें त्यास पुरतें ठाऊक होतें. आम्हीं निघतांना त्यास विचारलें असतें तर त्यानें सांगितलें असतें. आम्हांसही ती ठाऊक असावयास हवी होती. कांठावरून पाहतांना आम्ही तिची जागा बिनचूक दाखवीत होतों. पाण्यावर गेल्यावर मात्र खुणेचीं झाडें नव्हतीं, बांध नव्हता, आणि आमचा अदमास दीडशें पावलें चुकला.

त्या दिवसापासून आम्ही जें पाळतों तें लिहितों.

निघतांना वारा तोंडावर घ्यावा व परततांना पाठीवर. म्हणजे श्रमाचा भाग अंगांत ताकद असतांना होतो, आणि थकल्यावर वारा घरीं आणतो. सकाळीं सातच्या सुमारास पाण्यांत उतरावें व अकराच्या आंत बाहेर यावें. घड्याळ जवळ नसेल तर कांठावरील बाभळीच्या शेंड्यांकडे लक्ष ठेवावें. शेंडे सतत हालूं लागले कीं परत फिरावें. पाण्याचा विस्तार जितका लांब, तितक्या वाऱ्यानें उठणाऱ्या लाटा मोठ्या. म्हणून लहान तलावांत ज्या वाऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाहीं, तोच माजलगांवच्या पाण्यावर भारी पडतो. ताशीं चार ते पांच किलोमीटर ही साधारण माणसाची गति; तोंडावर वारा असला कीं ती निम्मी होते. नवशिक्यानें जाऊन येऊन सात-आठ किलोमीटरांपेक्षां जास्त बेत करूं नये, आणि सर्व वाट कांठास धरून, ओरडलें तर ऐकूं जाईल इतक्या अंतरानें करावी. मधून आडवें जाण्याचा मोह होतो. तो शेताच्या मधून वाट पाडणाऱ्या वाटसरूच्या मोहासारखा आहे. अंतर वांचतें, पण भांडण पदरीं येतें.

तरंगण्याचें जाकीट अंगावर घातलेलें असलें पाहिजे. जवळ असून उपयोग नाहीं. मनुष्याचें शरीर पाण्याहून फारसें जड नाहीं, त्यामुळें थोडासा आधार डोकें वर ठेवण्यास पुरतो. पन्नास न्यूटनचें जाकीट सुमारें पांच किलो भार उचलतें, तें पोहणाऱ्यासाठीं. पोहतां न येणाऱ्यानें शंभर न्यूटनचें घ्यावें. शुद्ध हरपली तरी तें माणसास उताणें करण्यासाठीं केलेलें असतें. पट्टे आवळून दुसऱ्यानें खांद्यांशीं धरून वर ओढून पाहावें. हनुवटीच्या वर सरकलें तर तें सैल आहे. मुलास मोठ्या माणसाचें जाकीट घालणें म्हणजे न घालण्यासारखेंच. जाकिटास शिट्टी बांधावी. वाऱ्यांत माणसाची हांक पोंचत नाहीं, शिट्टी पोंचते.

वल्हें मारण्यास बळापेक्षां रीत लागते. पाठ ताठ, पाय टेकणीवर रोंवलेले, दोन हातांमधील अंतर खांद्यांहून थोडें अधिक. पातें पायाच्या अंगठ्याशेजारीं पाण्यांत घालावें, कंबरेशीं आल्यावर काढावें, व ओढ हातांनीं न घेतां धडाच्या फिरण्यानें घ्यावी. केवळ हातांनीं वल्हीं मारणारा तासाभरांत दंड धरून बसतो. वळावयाचें असेल तर ज्या बाजूस वळावयाचें त्याच्या उलट बाजूस पातें दूरवर अर्धवर्तुळांत फिरवावें. सरळ जाणें हें प्रथम सर्वांत कठीण जातें. होडी सारखी डावी-उजवी होते. यावर उपाय आमच्या वाचकांस आधींच येतो. नांगराचें पहिलें तास घेतांना आपण बैलांच्या खुरांकडे पाहात नाहीं, पलीकडच्या बांधावरचें झाड धरतों. येथेंही पलीकडच्या कांठावरची एक खूण धरावी आणि होडीच्या टोंकाकडे पाहूंच नये. आमच्या सोबत्यांपैकीं जे नांगर धरणारे होते ते पहिल्या दिवशींच सरळ गेले. जे नोकरीपेशाचे होते त्यांचीं तासें वाकडीं आलीं.

कलंडण्याचा सराव मुद्दाम करावा, आणि तो कमरेइतक्या पाण्यांत, तळ आधीं काठीनें चांचपून. उलटल्यावर होडी सोडूं नये. ती बुडत नाहीं व दुरून दिसते, माणसाचें डोकें दिसत नाहीं. होडी सुलटी करावी, मधोमध येऊन दोन्ही हात पलीकडच्या कडेवर टाकावे, पाय पाण्यावर आडवे झाडीत पोट होडीवर आणावें, मग वळून बसावें. घोड्यावर उघड्या पाठीनें चढण्यासारखें हें आहे. दुसरी होडी शेजारीं आणून सोबत्यानें कड धरून ठेवली तर फार सोपें जातें. म्हणून एकट्या होडीनें जाऊंच नये. आणि सर्वांत महत्त्वाचें, बुडीत क्षेत्रांत उलटल्यावर पायीं चालूं नये. पाणी गुडघ्याएवढें असलें तरी जाकिटावर तरंगत, होडीस धरून, पाय झाडीत कांठास यावें. विहिरी आहेत, पेवें आहेत, जुन्या घरांच्या भिंती आहेत, कुंपणाच्या तारा आहेत. कांठास उतरतांना काळ्या गाळांत पाय मांडीपर्यंत जातो. जेथें गुरें पाण्यावर येतात ती वाट निवडावी. गुरें फसणाऱ्या जागीं जात नाहींत.

उपसा मोटारींच्या बाबतींत आम्हीं शेतकऱ्यांनींच थोडें लाजावें असें आहे. फुगवट्याच्या कांठावर ठिगळें लावलेल्या वायरी पाण्यांत लोळत असतात, आणि पाणी भरलें कीं खांबांवरील तारा पाण्याच्या जवळ येतात. वल्ह्याचा दांडा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. मोटारीपासून चांगलें पन्नास पावलें दूर राहावें, व आपल्या मोटारीची वायर आपण आधीं नीट करावी. वळवाचे ढग दिसले, गडगडाट ऐकूं आला, तर क्षणभरही पाण्यावर थांबूं नये. मोकळ्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तु आपणच असतों. कांठास आल्यावर एकट्या झाडाखालीं जाऊं नये, हें रानांत वावरणाऱ्यास सांगावयास नको, तरी लोक जातातच.

नदीविषयीं थोडक्यांत. गोदावरी जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गेवराई, माजलगांव व परळी या तालुक्यांना लागून जाते. बंधाऱ्यांनीं अडविलेलें तिचें संथ पाणी पाहून मोह होतो. परंतु बंधाऱ्यावरून थोडेंही पाणी पडत असेल तर त्याच्या पायथ्याशीं पाणी उलटें फिरत असतें; त्यांत सांपडलेली होडी व माणूस दोन्ही तेथेंच घुसळले जातात, आणि चांगला पोहणाराही निघत नाहीं. बंधाऱ्याच्या वर व खालीं दोनशें पावलांत जाऊं नये; होडी उचलून कांठानें न्यावी. वाळूच्या उपशानें पात्रांत खड्डे झाले आहेत. गुडघाभर पाण्यापुढें एकदम दोन पुरुष खोली लागते. वरून पाणी सोडण्याची सूचना असेल तर तो दिवस सोडून द्यावा. १७६३ सालच्या ऑगस्टांत राक्षसभुवन येथें निजामाचें अर्धें सैन्य गोदावरी उतरून पलीकडे गेलें व दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह अलीकडे राहिला. पेशव्यांनीं त्यास गांठून मारलें, आणि निजाम पैलतीरावर असूनही पुरामुळें त्याच्या मदतीस येऊं शकला नाहीं. पूर आलेल्या गोदेपुढें तोफखान्याचें चाललें नाहीं. २०२५ सालच्या सप्टेंबरांत सिंदफणा, मांजरा व गोदावरी यांनीं काय केलें, तें तर आमच्या वाचकांच्या शेतांवर लिहिलेलेंच आहे. कालव्यांत होडी टाकूं नये हें निराळें सांगावयास नको. अस्तरावर पाय चढत नाहीं व पुढें नळांचें तोंड असतें.

जलाशय हा कोणाच्या बापाचा नाहीं असें म्हणून चालत नाहीं. तो पाटबंधारे खात्याच्या ताब्यांत आहे, आणि मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेनें घेतलेला असतो. दोघांस आधीं विचारावें. खात्याच्या शाखा कचेरींत लेखी अर्ज द्यावा; भिंतीजवळ, दरवाज्यांजवळ व पाणी उचलण्याच्या मनोऱ्याजवळ जाण्याची परवानगी मिळत नाहीं, व ती मागूंही नये. मासेमारांस भेटण्याचें कारण केवळ परवानगी नव्हे. जाळीं कोठें आहेत, विहिरी कोठें आहेत, दुपारचा वारा कोणत्या खाडींत कमी लागतो, हें सर्व त्यांच्यापाशीं असतें. शक्य तर त्यांच्यापैकीं एकास त्या दिवसाची मजुरी ठरवून सोबत घ्यावें. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगांव येथील मासेमार हिंवाळ्यांत पक्षी पाहण्यास येणाऱ्यांस होडींतून नेतात व त्यावर चार पैसे मिळवितात. माजलगांव व धनेगांव येथें तसें होऊं शकेल कीं नाहीं, याचा विचार कांठावरच्या गांवांनीं करावा. आमचें मत अनुकूल आहे, परंतु जाकिटें व शिकलेलीं माणसें आधीं, पाटी नंतर. पैठणचा नाथसागर १९८६ पासून पक्ष्यांसाठीं अभयारण्य आहे; तेथें वनखात्याच्या परवानगीवांचून जाऊं नये. आणि कोठेंही बसलेल्या पक्ष्यांच्या थव्यांत होडी घालूं नये. शेकडों कोसांवरून आलेल्या जीवास पुन्हां उठविण्यांत पुरुषार्थ नाहीं.

माजलगांवचें पाणी बीड शहर पितें, मांजरेचें लातूर, अंबाजोगाई व केज. तेव्हां पाण्यांत साबण नाहीं, उष्टें नाहीं, आणि मद्याची बाटली तर होडींत नकोच. ती आपल्या व पाण्याच्या दोघांच्याही मुळावर येते. पिण्याचें पाणी घरून माणशीं दोन लिटर न्यावें. पाण्यावरचें ऊन वरून व खालून असें दोन्हीकडून लागतें, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा व कानांवरून बांधलेलें उपरणें बरें. धोतर व लुगडें मात्र टाळावें, तें पायांत गुंडाळतें. स्त्रियांनीं सलवार किंवा विजार घालून खुशाल यावें. आमच्या घरच्या दोन मुली पुरुषांपेक्षां लवकर शिकल्या, कारण सांगितलेलें ऐकलें. भ्रमणध्वनि दोन पिशव्यांत तोंड बांधून ठेवावा. कोठें उतरणार, किती वाजतां परतणार, हें घरीं एका कागदावर लिहून ठेवावें व त्या वेळेनंतर तासाभरानें कोणी शोधास निघावें असें ठरवून ठेवावें.

होडी विकत घेण्याची घाई करूं नये. चार-पांच घरांनीं मिळून दोन होड्या व सहा जाकिटें घेतलीं तर पुरतात. पाभर मागून नेतात तशी पाळीपाळीनें न्यावी. परत आल्यावर गोड्या पाण्यानें धुवून, भोकांतील गाळ काढून, आडवी व पालथी ठेवावी. उन्हांत ठेवूं नये. ठिबकच्या नळ्या उन्हानें जशा कडक होऊन तडकतात तशीच हीही तडकते. जाकिटें सावलींत वाळवून दोरीवर टांगावीं, गोठ्याच्या माळ्यावर टाकूं नयेत. आमच्याकडील दोन जाकिटें उंदरांनीं पोखरलीं, आणि तें ध्यानांत आलें तें पुढच्या कार्तिकांत, पुतण्या अंगांत घालून निघाला तेव्हां. हल्लीं तो निघण्यापूर्वीं सर्वांचीं जाकिटें स्वतः उलटून पाहतो, आणि आजोबांच्या विहिरीच्या जागीं मासेमारांनीं बांबूस बांधून लावलेलें लाल फडकें वाऱ्यानें गेलें असल्यास दुसरें बांधून येतो.